रक्ताची साक्ष



रक्ताची तपासणी, आहार आणि शक्तीच्या गोळ्या हा विषय वैद्यांचा. कामगार संघटनेच्या माणसाने त्यात कशाला पडावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. आम्ही डॉक्टर नाही आणि आज येथे कोणाला औषध सांगणारही नाही. पण ज्या माणसाला सदा थकवा असतो, हातापायांना मुंग्या येतात, जीभ सोलल्यासारखी होते, दोन जिने चढताच धाप लागते आणि ज्याच्या या दुखण्याला कोणी नाव देत नाही, तो डॉक्टरच्या आधी मुकादमाच्या तावडीत सापडतो आणि तेथून आमच्याकडे येतो. दुखण्याला नाव नाही म्हणजे दुखणेच नाही, हा न्याय कारखान्यात लावतात. घरोघरी बायकांनाही तोच लावतात. तेथे 'कामचुकार' या शब्दाऐवजी 'तिचा स्वभावच तसा' असे म्हणतात, इतकाच फरक.

आमच्या व्यवसायात चौकशीचा एक क्रम ठरलेला आहे. आधी हजेरीपट ताब्यात घ्यायचा, मग साक्षी, मग निकाल. निकाल आधी लिहून मग हजेरीपट दुरुस्त करणारे चौकशी अधिकारीही आम्ही पाहिले आहेत. शरीराच्या तक्रारींत हा उलटा क्रम आपण स्वतःच स्वतःवर चालवितो, हे सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

१९२८ साल आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना पाठ असते ते मुंबईच्या गिरण्यांच्या सहा महिन्यांच्या संपामुळे. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतींचे विधेयक चर्चेला होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले आणि १९२९ साली त्याचा कायदा झाला. त्याच १९२८ साली, त्याच गिरणगावात, परळच्या हाफकिन संस्थेत लुसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण कामाला लागली होती. आमच्या चळवळीच्या इतिहासात तिचे नाव कोणी घेत नाही. घ्यायला हवे होते, असे आमचे मत आहे.

गिरणगावातल्या गरोदर बाया त्या काळी पांढऱ्या फटक पडत आणि त्यांतल्या कित्येक दगावत. हा पांडुरोग साध्या लोहाच्या कमतरतेचा नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण ज्या असत त्या नेहमीपेक्षा मोठ्या. विल्सबाईंनी रक्त तर पाहिलेच, पण तेवढ्यावर न थांबता ताटात काय पडते तेही पाहिले. निरनिराळ्या थरांतल्या आणि धर्मांतल्या स्त्रियांचा आहार त्यांनी तपासला, तेव्हा ज्यांचे अन्न सर्वांत निकस, त्या गरीब मुसलमान स्त्रियांत हा रोग सर्वांत जास्त, असे दिसले. मग तसेच अन्न त्यांनी उंदरांना घालून पाहिले. उंदीर पांढरे पडले. येथे एखादा घाईचा माणूस निकाल देऊन मोकळा झाला असता. पण उंदरांच्या त्या पांडुरोगात उवांनी पसरविलेल्या एका जंतूचा हात होता, असे मागाहून निघाले. मग माकडांवर प्रयोग झाले. तेथे मात्र यीस्टचा अर्क गुणकारी ठरला. मद्याच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून केलेले, विलायतेत पावाला लावून खातात ते 'मार्माइट' नावाचे स्वस्त काळपट खाद्य हाच तो अर्क. तोच बायांना देताच त्यांच्या रक्तात नव्या पेशी भराभर दिसू लागल्या. १९३१ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले.

पुढची गोष्ट याहून महत्त्वाची. १९२६ साली बॉस्टनच्या मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी दुसऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय काढला होता. त्यातही पेशी अशाच मोठ्या दिसत. तेव्हा दोन्ही रोग एकच, असे कोणीही म्हटले असते. पण त्या रोगावर हमखास चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क विल्सबाईंच्या रोग्यांना लागू पडेना आणि मार्माइट मात्र लागू पडे. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली रूप एक, पण आत गुन्हेगार दोन. मार्माइटमधले द्रव्य ते फॉलिक आम्ल. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले आणि १९४५ साली लेडर्ली प्रयोगशाळेत, आपल्या आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली, ते कृत्रिम रीत्या तयार झाले. यकृतातले दुसरे द्रव्य म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. ते १९४८ साली हाती लागले.

मधल्या दोन-तीन वर्षांत जे घडले ते प्रत्येक टॉनिकच्या बाटलीवर छापण्याजोगे आहे. फॉलिक आम्ल स्वस्त झाले, तेव्हा बी-१२ कमी असलेल्या रोग्यांनाही ते देण्यात आले. रक्त सुधारले, चेहऱ्यावर तजेला आला, आणि आतल्या आत मज्जातंतू मात्र झिजतच राहिले. पाय बधिर झाले, चाल डगमगू लागली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे आपण म्हणतो; येथे तर बंबाने धूर तेवढा विझविला आणि आग तशीच ठेविली.

हे अमेरिकेत घडले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणण्याची सोय नाही. आपल्या पुण्यातच के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या, झोपडपट्ट्यांतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. शेकडा ६७ जणांत बी-१२ कमी निघाले. आता पुढचा आकडा ऐका. शहरी मध्यमवर्गात हेच प्रमाण शेकडा ८१ होते! आयुष्यभर आम्ही सांगत आलो की रोग गरिबांच्या वाट्याला येतात आणि औषध श्रीमंतांच्या. बहुतेक रोगांबाबत ते आजही खरे आहे. पण या एका बाबतीत बंगलेवाला झोपडीवाल्याच्या मागे आहे. कारण हा प्रश्न पैशाचा नसून ताटाचा आहे. शाकाहारी माणसाला ही कमतरता असण्याचा धोका त्या अभ्यासात ४.४ पट आढळला.

बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते जंतू तयार करतात. तेथून ते जनावराच्या अंगात, आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून आपल्याकडे येते. गरज रोजची जेमतेम दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन. शिवाय यकृतात काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. म्हणूनच ही कमतरता उंदराने पोते कुरतडावे तशी हळूहळू येते आणि माणूस वयाला दोष देत राहतो. 'आम्ही दूध घेतो' असे सांगणाऱ्याला विचारा, किती? दिवसाकाठी चार कप चहात मिळून पडेल तेवढे दूध हा काही दुधाचा आहार नव्हे. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी आणि पित्तावरच्या, आम्ल थोपविणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांचे तर आहेत ते बी-१२ही नीट शोषले जात नाही.

आमच्या एका सभासदाची हकिकत येथे सांगितली पाहिजे. माळकरी माणूस, यंत्रावर पंचवीस वर्षे काढलेला. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी त्याला कळत नसे. एके दिवशी तोल जाऊन हातातला माल पडला, यंत्राचे नुकसान झाले आणि हलगर्जीपणाचे आरोपपत्र हाती आले. व्यवस्थापनाने त्याचा रक्ताचा कागद पुढे केला: हिमोग्लोबिन १३.४, पेशींचा आकार मर्यादेत, सर्व ठाकठीक. तेव्हा हा ढोंगी. तो वर्षभर एक शक्तीचे टॉनिक घेत होता, आणि त्या बाटलीवर लोहाबरोबर फॉलिक आम्लाचे नाव होते, हे कोणी विचारलेच नव्हते. ज्या डॉक्टरांकडे आम्ही त्याला नेले त्यांनी नाद करणारा लोखंडी चिमटा वाजवून त्याच्या घोट्यावर टेकविला. त्याला थरथर जाणवली नाही. मग बी-१२ ची वेगळी तपासणी झाली. अनेक प्रयोगशाळा २०० च्या खालचा आकडा कमी धरतात. याचा आकडा होता ११०. आरोपपत्र मागे घेतले गेले. इंजेक्शनांनी चाल सुधारली. बोटांचा बधिरपणा मात्र पुरता गेलेला नाही. टॉनिकने त्याचा हजेरीपट खोडून ठेवला होता, आणि त्यात वर्ष गेले. आपल्याला गोळी चालेल की नाही, तीत मांसाचा अंश तर नाही, हा त्याचा पहिला प्रश्न होता. बी-१२ जंतूंकडूनच आंबवून तयार करून घेतात. तेव्हा कॅप्सूलऐवजी साधी गोळी घेतली तर माळ उतरविण्याचे कारण नाही, हे कळल्यावर तो निश्चिंत झाला. या प्रश्नाला हसणाऱ्या सुशिक्षितांना आम्ही एवढेच विचारतो की, जी गोळी माणूस मनातून नाकारतो ती तो किती दिवस घेईल?

आता हा रक्ताचा कागद वाचायचा कसा, याविषयी थोडे. पेशींच्या आकाराचा जो आकडा छापून येतो तो सरासरीचा असतो. साधारण ८० ते १०० ही त्याची मर्यादा. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फॉलिक आम्ल कमी असेल तर मोठ्या. आणि दोन्ही कमी असले तर? आपल्याकडे ते वारंवार असते. तेव्हा लहान आणि मोठ्या मिळून सरासरी नेमकी मधली येते. साहेबाचा पगार आणि झाडूवाल्याचा पगार यांची सरासरी काढून, 'आमच्याकडे वेतन समाधानकारक आहे' असे सांगणारे ताळेबंद आम्ही पुष्कळ वाचले आहेत. म्हणून हा डाव आम्हाला लवकर कळला. त्याच कागदावर पेशींच्या आकारातली तफावत दाखविणारा एक आकडा असतो. सरासरी ठीक आणि तफावत मोठी असेल तर डॉक्टरांना जरूर विचारावे. उलट पेशी लहान पण लोहाचा साठा भरपूर, असेही असते. ते बहुधा थॅलसेमियाचे, आईबापांकडून आलेले लक्षण असते. अशा माणसाला वर्षानुवर्षे लोह पाजणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

कागदावरची 'सामान्य मर्यादा' बहुधा कशी ठरवितात, तेही माहीत असावे. निरोगी माणसांचे आकडे मांडून मधले शेकडा ९५ आत घेतात आणि कडेचे पाच बाहेर ठेवतात. म्हणजे धडधाकट माणसांतही वीसांत एक जण बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसावर केल्या तर निदान एक तरी आकडा ठळक छापून येण्याचा संभव शेकडा ६४ निघतो. हल्ली सणासुदीला साड्यांचे सेल लागावेत तशा साठ-सत्तर तपासण्यांच्या स्वस्त जाहिराती लागतात. त्या घेणाऱ्याला काहीतरी ठळक मिळणारच. प्रश्न आधी आणि तपासणी मागून, हा क्रम सोडला की साप म्हणून भुई धोपटणे आले. त्या ठळक आकड्याच्या मागे माणूस दुसरी तपासणी, तिसरी गोळी असे करीत जातो, आणि मूळचा थकवा जागच्या जागी राहतो.

गोळ्या तपासणीलाच फसवितात, हे तर फार थोड्यांना ठाऊक आहे. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतात. रक्त तपासण्याच्या काही पद्धतींत बायोटिनच वापरलेले असते. त्यामुळे थायरॉइडचे आकडे उलटसुलट येतात आणि नसलेला रोग कागदावर दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. तेव्हा रक्त देण्यापूर्वी काय काय घेत आहोत याची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि तीत काढा, भस्म, टॉनिक हे सगळे लिहावे. 'ते काय, घरचेच आहे' म्हणून वगळू नये. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी आठवड्याला एक घ्यावयाची असता रोज घेऊन रक्तात कॅल्शियम चढल्याची, मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे आपल्या देशातच झाली आहेत.

या सर्वांवरून गोळ्या वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी गरोदर स्त्रियांनी घेतलीच पाहिजे. गिरणगावातल्या त्या बायांनी आपल्या रक्ताने मिळवून दिलेले ते ज्ञान आहे. फक्त तीत बी-१२ नाही, हे ध्यानात असू द्यावे. आणि जेवणाला लागून चहा प्यायल्यास अन्नातले लोह नीट शोषले जात नाही, पानात लिंबू पिळले तर चांगले शोषले जाते, या दोन गोष्टींना दमडीही पडत नाही.

पन्नाशीच्या पुरुषाच्या रक्तात लोह कमी निघाले तर लोहाच्या गोळ्यांनी समाधान मानू नये. लोह गेले कोठे, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारलाच पाहिजे. कारण आतड्यात कोठेतरी नकळत रक्त पाझरत असते आणि क्वचित त्यामागे कर्करोग असतो. गोळीने आकडा सुधारतो आणि पाझर चालूच राहतो. ही फॉलिक आम्लाचीच गोष्ट, वेगळ्या वेषात.

राहिला शिशाचा विषय, आणि तो आमच्या घरचा. बॅटऱ्यांच्या, रंगांच्या, धातू वितळविण्याच्या कामात शिसे अंगात जाते. पोटात कळा, मलावरोध, फिकट चेहरा, चिडखोरपणा, मनगटातली शक्ती जाणे, ही त्याची लक्षणे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, डॉक्टरांनी सरकारला कळविलेच पाहिजेत अशा रोगांच्या यादीत, पहिले नाव शिशाच्या विषबाधेचेच होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले की, रक्ताच्या डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम शिसे निघाले तरी ते कोठून येते ते शोधून थांबवावे. अशा एका कारखान्यात आम्ही गेलो तेव्हा कामगारांना गूळ वाटला जात होता. धुळीच्या खात्यात गूळ वाटण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. गूळ खाण्यास आमची हरकत नाही. अंगात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शिसे कमी शोषले जाते हेही खरे. पण धूर ओढून नेणारा पंखा बंद ठेवून गूळ वाटणे ही निव्वळ थट्टा आहे. वर्षाच्या वर्षाला तेथे रक्तही काढले जात होते! आकडे येत होते, फायलीत लागत होते, आणि ज्यांच्या अंगातून ते रक्त निघाले त्यांना त्यांतला एकही सांगितला जात नव्हता. आमचे लोक पोटदुखीवर ओवा खात होते.

त्या कारखान्याच्या पुढच्या करारात पगारवाढीआधी आम्ही एक कलम लिहून घेतले: तपासणीचा कागद आठ दिवसांत कामगाराच्या हातात पडला पाहिजे, आणि तो मराठीत असला पाहिजे. त्यासाठी एक छोटे कार्ड छापले. त्यावर तारीख, रक्तातले शिसे, हिमोग्लोबिन आणि मागच्या खेपेचे आकडे असे रकाने आहेत. मागच्या खेपेचा आकडा शेजारी असला म्हणजे अडाणी माणसालाही चढउतार कळतो. एकटा आकडा मुका असतो.

विल्सबाईंचे उदाहरण सांगून आम्ही कार्यकारिणीत आणखी एक रकाना सुचविला: आहार. ताट कळल्याशिवाय रक्त कळत नाही, हे आम्ही येथे तासभर सांगत आलो आहोत. त्यावर एका जुन्या सभासदाने उठून विचारले की, हे कार्ड कारखान्याच्या दवाखान्यातही राहणार. या देशात माणूस काय खातो हे लिहून दिले म्हणजे तो कोण हेही लिहून दिल्यासारखे होते, त्याचे काय? या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. सध्या आहाराची नोंद कामगाराने घरी वेगळ्या वहीत ठेवावी आणि ती फक्त डॉक्टरांना दाखवावी, अशी तडजोड चालू आहे. वह्या किती जण लिहितात हे दिवाळीनंतर मोजावयाचे आहे.